कपाटे हलवण्यापूर्वी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संस्थेच्या सार्वजनिक वाचनालयाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा सेक्रेटरीसाहेबांनी केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. ग्रंथपालनाचे शास्त्र शिकलेलो नाही. परंतु मागील सभेत एका सभासदबंधूंनी जी सूचना मांडली, तिच्यामुळे काही रात्री मला नीट झोप लागली नाही हेही खरे. सूचना अशी होती की, मुले आता पुस्तके मोबाईलवर वाचतात, हॉलमधील कपाटे निम्मी जागा अडवून बसली आहेत, तेव्हा ती काढावीत आणि तेथे संगणक मांडावेत. सूचना करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ आहे, यात मला शंका नाही. त्यांनी संगणकांसाठी स्वतःच्या खिशातून रक्कमही देऊ केली आहे. मी त्यांच्या विरोधात उभा नाही. मात्र कपाटे हमालांच्या डोक्यावर चढण्यापूर्वी, ज्या गावांनी हा प्रयोग आपल्या आधी केला त्यांना काय अनुभव आला तो पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्याकडील जुन्या वाचनालयाची रचना आठवून पाहा. दारात वर्तमानपत्रांचे लांब टेबल, मग जाळीचा काउंटर, आणि जाळीच्या पलीकडे कुलूपबंद कपाटे. चावी ग्रंथपालांच्या खिशात. मी बी.ए. करीत होतो त्या गावच्या वाचनालयात तर सभासदाने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे आणि उभे राहायचे, अशी शिस्त होती. पुस्तक कसे दिसते हे ते हातात पडल्यावरच कळे, आणि नको असेल तर दुसरे मागण्याची छाती होत नसे. ही रचना पुस्तक सांभाळण्यासाठी केलेली होती, वाचकासाठी नव्हे. आपल्या देशाचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, या पहिल्याच सिद्धांताच्या विवेचनात त्यांनी इमारतीची जागा, उघडण्याच्या वेळा आणि फर्निचर यांचाही विचार केला. म्हणजे कपाट कोठे ठेवावे हा प्रश्न सुताराचा नसून वाचनाचा आहे, हे त्यांनी संगणकाचे नावही नसताना ओळखले होते.

आता न्यूयॉर्कची हकीकत ऐका. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाची मुख्य इमारत १९११ साली उघडली. वर भव्य वाचन दालन आणि त्याच्या खाली पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांचे ७ मजले. गंमत अशी की, वाचन दालनाच्या जमिनीचा भार याच मांडण्यांनी पेललेला आहे. वाचक वर बसून चिठ्ठी द्यायचा आणि पुस्तक खालून वर यायचे. पुढे २००४ साली याच ग्रंथालयाने आपली पुस्तके संगणकावर उतरवून घेण्यासाठी गूगल कंपनीशी करार केला, आणि २००८ साली योजना जाहीर झाली की, हे ७ मजले काढून टाकावेत, लाखो पुस्तके शेजारच्या न्यूजर्सी राज्यातील गोदामात पाठवावीत आणि मोकळ्या जागेत संगणकांसह नवे देवघेव ग्रंथालय करावे. समोरच्या बाजूची शाखा विकून पैसा उभा करायचा होता. नॉर्मन फॉस्टर यांच्यासारख्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने नकाशे काढले. खर्चाचा अंदाज होता सुमारे ३० कोटी डॉलर.

लेखक आणि संशोधक खवळले. वास्तुकलेच्या ज्येष्ठ समीक्षक एडा लुईस हक्स्टेबल यांनी वयाच्या ९१व्या वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, या योजनेवर कडक लेख लिहिला; पुढच्याच महिन्यात त्या निवर्तल्या. कोर्टात दावे दाखल झाले. अखेर मे २०१४ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. परंतु तोवर मांडण्या रिकाम्या करून झाल्या होत्या, आणि पुस्तके काही त्या मजल्यांवर परत आली नाहीत. पालकहो, हा भाग आपण विशेष लक्षात घ्यावा. योजना रद्द करता येते, ठरावही मागे घेता येतो. पण एकदा हलवलेली पुस्तके आपल्या जागी परत आणणे न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरालाही जमले नाही.

मग त्यांनी जे केले ते अधिक शहाणपणाचे होते. जी शाखा विकायला काढली होती तिचेच अंतरंग बदलले. २०१७ साली ती बंद केली आणि २०२१ साली नव्या रूपात उघडली. तेथे आता एक उंच लांब दालन आहे. एका अंगाला पुस्तकांचे ५ मजले, दुसऱ्या अंगाला बसून वाचण्याचे ३ मजले, आणि मध्ये मोकळी उंची, जेणेकरून बसणाऱ्याला समोर पुस्तके दिसत राहतात. प्रौढांचे शिक्षणवर्ग, नोकरी-व्यवसायाचे मार्गदर्शन, मुलांचा स्वतंत्र विभाग, गच्चीवर सर्वांना फुकट बसण्याची सोय. संगणकही आहेत. पुस्तकांनाही जागा आहे आणि माणसांनाही. फक्त दोघांमधली जाळी गेली.

काहीजण म्हणतील, अर्धवट कशाला, सगळेच काढून टाका. तेही करून झाले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसान येथे २००२ साली कागदी पुस्तकांशिवायची एक शाखा उघडली. काही वर्षांनी वस्तीतल्या लोकांनीच मागणी केली की, आम्हाला पुस्तके हवीत, आणि ती ठेवावी लागली. पुढे २०१३ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात, जेथे पुस्तकाचे दुकान नाही आणि पुष्कळ घरांत इंटरनेट नाही अशा गरीब भागात, संपूर्ण डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. ते मात्र टिकले, वाढले, त्याच्या शाखाही निघाल्या. असे का? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे की, तेथे नुसते संगणक मांडून कोणी थांबले नाही. वाचण्याचे यंत्रसुद्धा सभासदाला घरी नेण्यासाठी उसने दिले जाते, जसे आपण पुस्तक देतो.

या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे. मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी एक धडा मोबाईलवर वाचून यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वाचून आली नव्हती. मी रागावलो. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, घरात मोबाईल एकच आहे, तो अब्बांबरोबर कामावर जातो. अब्बा येतात रात्री दहाला, आणि मग भाईची पाळी असते." त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. मुले मोबाईलवर वाचतात हे वाक्य आपण सभेत सहज बोलून गेलो, पण कोणती मुले, कोणाच्या मोबाईलवर, किती वाजता, हे विचारलेच नाही. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा हा प्रश्न आपल्या डोळ्यांसमोर होता. शाळा उघडल्या आणि आपण तो विसरून गेलो.

मी स्वतः दोन खोल्यांत नऊ माणसे अशा घरातून आलो. वाचनालयात मी पुस्तकांसाठी जात असे, असे सांगितले तर ते पूर्ण सत्य होणार नाही. तेथे दिवा होता, बाक होता, आणि तीन तास कोणी मला दळण आणायला पाठवत नव्हते. पुस्तक उद्या फोनमध्ये मावेल, पण ते टेबल फोनमध्ये कसे मावणार?

फिनलंडच्या हेलसिंकी शहराने हे बरोबर ओळखले. देशाच्या स्वातंत्र्याच्या शतकपूर्तीची भेट म्हणून त्यांनी संसद भवनासमोर 'ऊडी' नावाचे ग्रंथालय बांधले. ५ डिसेंबर २०१८ रोजी ते खुले झाले. खर्च सुमारे १० कोटी युरो. एवढ्या प्रचंड वास्तूत पुस्तके आहेत सुमारे १ लाख, आणि त्यांनी व्यापलेली जागा साधारण एक-तृतीयांश. मधल्या मजल्यावर काय असावे? शिवणयंत्रे, वस्तू छापणारी यंत्रे, गाणे ध्वनिमुद्रित करण्याच्या खोल्या, सभेच्या खोल्या. आईने येऊन पोराचा सदरा शिवावा आणि पोराने वर जाऊन पुस्तक काढावे. वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटे मुद्दाम बुटकी ठेवली आहेत. म्हणजे लहान मुलाचा हात पोचतो आणि सबंध दालनावर नजर राहते. बांधण्यापूर्वी लोकांना विचारले होते की, तुम्हाला येथे काय हवे.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागाचे उदाहरण तर आपल्याला जवळचे वाटेल. तेथे बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. १८९२ सालचे जुने ग्रंथालय २००५ साली बंद करून बाजाराच्या ऐन गर्दीत नवे उघडले. त्याला ग्रंथालय न म्हणता 'आयडिया स्टोअर' असे दुकानासारखे नाव दिले. बाहेरून निळ्या-हिरव्या काचा, समोरच्या भाजीवाल्यांच्या कापडी छपरांसारख्या. भाजी घेऊन पिशवीसह आत जावे; एकाच इमारतीत पुस्तके, संगणक आणि प्रौढांचे वर्ग. नाव बदलणे मला व्यक्तिशः रुचले नाही. पण बुरखा घातलेली, इंग्रजी न येणारी बाई ज्या दारातून संकोच न करता आत जाऊ शकते, ते दार चांगले, हे मान्य केलेच पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, कारण आपल्यात व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. कागदी पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. पाने सुटेपर्यंत ते शंभर मुलांना द्या. ई-पुस्तक ग्रंथालयाला बहुधा भाड्यानेच मिळते. हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने २०११ साली अमेरिकेतील ग्रंथालयांना अट घातली की, एक ई-पुस्तक २६ वेळा दिले की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. इतर काही प्रकाशक २ वर्षांची मुदत घालतात. तेव्हा कपाट काढल्याने खर्च संपतो असे नाही. तो दरवर्षीच्या बिलात जाऊन बसतो. उलट खरगपूरच्या आय.आय.टी.ने चालवलेल्या भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या सोयी विद्यार्थ्यांना फुकट आहेत, आणि त्यासाठी आपल्याला दोन-चार संगणक हवेतच. सभासदबंधूंची देणगी आपण नाकारू नये, असेच माझे मत आहे.

मग आपल्या हॉलचे काय करावे? मी दहावीच्या दोन मुलांना घेऊन देवघेवीचे रजिस्टर चाळले. काही कपाटांचे कुलूप वर्षभरात एकदाही उघडलेले नाही. त्यांत जुनी गाइडे, बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके आणि वाळवी आहे. त्यांचे रीतसर निर्लेखन करावे, हळहळण्याचे कारण नाही. शासनाकडून मिळणारा वर्ग आणि अनुदान यांत ग्रंथसंख्याही पाहिली जाते, म्हणून हे काम नियम पाहून, हिशेबाने करावे लागेल. पण त्याच कपाटांच्या तळाशी मला जुन्या उर्दू मासिकांच्या बांधलेल्या फाइली, आपल्याच संस्थेच्या जुन्या स्मरणिका आणि कोणा बुजुर्गांनी दिलेल्या हस्तलिखित वह्या सापडल्या. या गोष्टी कोणत्याही फोनवर मिळणार नाहीत. त्यांचे फोटो आपणच काढून ठेवायला हवेत, आणि मूळ वह्या जपायला हव्यात.

उरलेली कपाटे भिंतीला लावावीत, त्यांची कुलपे काढावीत आणि मुक्तद्वार पद्धत सुरू करावी. पुस्तके चोरीला जातील? काही जातील. कुलपात राहून वाळवीने किती नेली तेही मोजावे. खिडकीकडची उजेडाची जागा संगणकांना न देता टेबलांना द्यावी, कारण पडद्यावर उजेड पडला की डोळ्यांना त्रास होतो आणि कागदावर पडला की सुख होते. प्रत्येक टेबलापाशी प्लग असावा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी की वेगळे टेबल, हे पुरुषांनी ठरवण्याऐवजी त्यांच्या माता आणि त्या मुली यांनाच विचारावे. आणि दोन-चार वाचनयंत्रे अशी घ्यावीत की, ती अनामत न घेता मुलांना घरी नेता येतील. पहिले यंत्र कोणाला द्यायचे ते मी ठरवून ठेवले आहे.

अध्यक्षसाहेबांनी वेळ संपल्याची खूण केली आहे, म्हणून थांबतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता हॉलची मापे घ्यायची आहेत. ज्या पालकांचा सुतारकामाचा किंवा वायरिंगचा धंदा आहे त्यांनी कृपया यावे, आणि पन्नास फुटी टेप कोणाकडे असेल तर बरोबर आणावी. शाळेची टेप सव्वीस फुटांवर तुटलेली आहे.