शोधनिबंध, संदर्भसूची आणि आपली नावे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संदर्भसूची हा काही टाळ्या मिळविणारा विषय नव्हे, याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले-मुली आज एम.एस्सी., एम.फार्म., पीएच.डी. करीत आहेत. त्यांचे शोधनिबंध जर्नलकडे जातात, आणि वर्षभराच्या मेहनतीचे हस्तलिखित कित्येकदा शेवटच्या दोन पानांपायी परत येते. तेव्हा त्या दोन पानांविषयीच बोलावे असे मी ठरविले. पालकांनीही थोडा धीर धरावा. त्यांच्या कामाची गोष्ट पुढे येणार आहे.

प्रथम, संदर्भ म्हणजे काय? १९३० साली डॉ. सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करीत होते. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पसंत करते, आणि ती नांदू लागली की हे महाशय दुसरे घरटे विणावयास घेतात, असे त्यांना आढळले. हा लेख बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३१ साली आला. आता तुम्ही सुगरणीवर लिहिताना एवढेच लिहिलेत की 'एका शास्त्रज्ञाच्या मते असे असे आहे', तर वाचणाऱ्याने ते कोठे शोधावे? म्हणून लेखकाचे नाव, वर्ष, लेखाचे शीर्षक, जर्नलचे नाव, खंड ३४, पृष्ठे ९४७ ते ९६४ असा पूर्ण पत्ता द्यावयाचा. पोस्टाच्या पत्त्यासारखेच हे आहे. ३४ चे ४३ झाले तर शोधणारा भलत्याच वर्षाच्या खंडात हिंडत राहील, आणि तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल. संपादकाचेही तसेच होते. सूचीत जो निष्काळजी आहे तो प्रयोगशाळेत काळजीपूर्वक वागला असेल, असे तो कशावरून मानील?

पत्ता लिहिण्याच्या रीती मात्र अनेक आहेत. मजकुरात कंसामध्ये लेखक व वर्ष देण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या लेखापासून मोजतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची रीत याच घराण्यातली. तिची सूची आडनावांच्या वर्णानुक्रमाने लागते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे बैठक घेऊन दुसरी रीत ठरविली. तीत मजकुरात आकडा येतो, आणि जो संदर्भ आधी आला तो सूचीतही आधी. लेखकांच्या नावांचेही असेच आहे. कित्येक वैद्यकीय जर्नले पहिली सहा नावे देऊन पुढे 'आणि इतर' लिहावयास सांगतात. असोसिएशनच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत सर्व नावे द्यावी लागतात. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद व्यर्थ आहे. ज्या घरी जेवावयाचे तेथील रीत पाळावी. जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' वाचा, त्याच जर्नलचा ताजा अंक उघडा, आणि त्यातील एक लेख, एक पुस्तक व एक संकेतस्थळ यांच्या नोंदी नमुना म्हणून समोर ठेवा. स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, जर्नलचे नाव पूर्ण की संक्षिप्त, हे सारे तेथे दिसते.

निबंध छापून घ्या आणि हाती पेन्सिल घेऊन बसा. मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे ना, सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे ना, असे दोन्ही बाजूंनी ताडून पाहा. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून एखादा परिच्छेद काढला जातो आणि त्याचा संदर्भ मात्र सूचीत बेवारस राहतो. झोटेरोसारखे सॉफ्टवेअर २००६ पासून विनामूल्य मिळते, ते जरूर वापरावे. परंतु त्यात चुकीचे वर्ष भरले असेल तर ते वर्ष सुबकपणे चुकीचेच छापले जाते. डीओआय असेल तर तोही द्यावा; १० या आकड्यापासून सुरू होणारी ही खूण लेखाची कायमची ओळख असते.

न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवू नये. दुसऱ्याच्या लेखात उल्लेख सापडला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आजकाल संगणकाला प्रश्न विचारून संदर्भ मागण्याची टूम निघाली आहे. त्याने दिलेला लेख अस्तित्वातच नसतो, असे पुष्कळदा घडते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असे कल्पित निवाडे सादर केल्याबद्दल दोन वकिलांना व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड केला. मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याविना त्याचे नाव सूचीत घालू नये.

आता पालकांच्या कामाची गोष्ट. इतरांची नावे तुमच्या सूचीत येतात, तशी तुमच्या मुलांची नावे उद्या इतरांच्या सूचीत येतील. ती कशी येतील?

आपल्या मार्कशीटवर आडनाव प्रथम असते. समजा, नाव आहे 'शेख सलीम अब्दुल करीम'. परदेशी जर्नल शेवटचा शब्द आडनाव समजते आणि आपला सलीम 'करीम एस. एस. ए.' होतो. पुढच्या लेखावर तो 'सलीम शेख' लिहितो आणि 'शेख एस.' होतो. तिसऱ्यावर 'मोहम्मद सलीम' लिहिले की 'सलीम एम.' तयार! एका मुलाच्या कामाचे तीन वाटेकरी झाले, आणि नेमणुकीच्या वेळी कोणी त्याचे काम मोजू लागला तर त्याला तिसरा हिस्साच दिसणार. 'अब्दुल' हे एकटे नावच होत नाही, ते पुढच्या शब्दाला बांधलेले असते. पण सूची करणाऱ्याला हे कोण सांगणार? माजी राष्ट्रपतींचे नाव काही सूच्यांत 'अब्दुल कलाम' म्हणून 'अ' मध्ये तर काहींत 'कलाम' म्हणून 'क' मध्ये सापडते. मोहम्मदचे 'एम डी' केले तर मुलगा वैद्यक न शिकताच डॉक्टर होतो! कोकणातील परकार, मुकादम ही आडनावे या बाबतीत सुखी म्हणावयाची.

मुलींची अडचण अधिक. बानो, बेगम, खातून हा शेवटचा शब्दच त्यांचे आडनाव होऊन बसतो. शिवाय निकाहानंतर नाव बदलले की आधीचे लेख जणू दुसऱ्याच कोणाचे. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, घरात काहीही नाव चालू द्या, परंतु पहिल्या लेखावर जे नाव छापले गेले तेच तिला पुढेही वापरू द्यावे.

तेव्हा पहिला निबंध पाठविण्यापूर्वीच घरात बसून ठरवा: आडनाव कोणते, ते कोठे येणार, आणि शेखचे इंग्रजी स्पेलिंग कसे. एकदा ठरले की प्रत्येक लेखावर तेच. त्याचबरोबर ऑर्किड क्रमांक घ्यावा. २०१२ पासून संशोधकांना हा सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो. नावाची इतर रूपेही त्यात नोंदविता येतात, आणि जुने लेख नंतर जोडता येतात. नोंदणी ज्याची त्यानेच करावयाची असते, आणि त्यासाठी लागणारा ईमेलचा पत्ता महाविद्यालयाचा देण्यापेक्षा स्वतःचा द्यावा, कारण महाविद्यालय सुटल्यावर तो पत्ता बहुधा बंद होतो.