जपानमधील विद्यार्थी आणि अर्धवेळ काम

शिक्षणासाठी जपानला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तिथे काम करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्याचा व्हिसा शिकण्यासाठी असतो. कामाची परवानगी इमिग्रेशन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. तीन महिन्यांहून अधिक काळासाठी प्रथमच जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती विमानतळावरच अर्ज भरून मागता येते आणि तिला शुल्क पडत नाही. मोठ्या विमानतळांवर त्याला रहिवासी कार्डही तिथेच मिळते. या कार्डाच्या दर्शनी बाजूवर काम करण्यास मनाई असल्याचे छापलेले असते. परवानगी मिळाली की मागच्या बाजूवर शिक्का उमटतो: आठवड्याला 28 तासांपर्यंत, करमणुकीचे काही धंदे वगळून. नोकरी देणारा दुकानदार आधी कार्ड उलटून हा शिक्का पाहतो, कारण परवानगी नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवल्यास शिक्षा त्यालाही होते.

हे 28 तास सगळ्या कामांचे मिळून असतात. सकाळी एका हॉटेलात आणि रात्री एखाद्या कारखान्यात काम केले, तरी बेरीज एकच धरली जाते. आठवडाही सोमवार ते रविवार असा ठरीव नसतो. कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजले तरी आकडा 28 च्या आत राहावा लागतो. शाळा-कॉलेजच्या नियमांत असलेल्या मोठ्या सुटीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा मिळते. बार, नाइट क्लब, पाचिंको जुगाराची दुकाने अशा ठिकाणी मात्र भांडी घासण्याचे किंवा झाडलोटीचे कामही चालत नाही. कॉलेज सोडले, तर व्हिसाची मुदत शिल्लक असूनही कामाची परवानगी उरत नाही. मर्यादा ओलांडणाऱ्याचा व्हिसा पुढे वाढवून मिळणे अवघड होते. प्रकरण गंभीर असेल तर परत पाठवणीही होते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मुलांना शिकता शिकता कमावणे नवीन नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा आवारातल्या बागेत तासांवर काम करून विद्यार्थी हातखर्च भागवतात. जपानमधील अर्धवेळ कामाची जागाही नेमकी एवढीच आहे. त्यातून जेवणखाण आणि खोलीभाड्याचा बराच भाग निघू शकतो. शिक्षणाची फी, राहणे आणि घरचे कर्ज हे सगळे त्यातून फिटेल असे जो सांगतो, तो मुलाला आणि त्याच्या आईबापांना फसवतो आहे.

आकडेमोड साधी आहे. जपानमध्ये किमान वेतन प्रांतागणिक वेगळे असते आणि बहुधा दर शरद ऋतूत वाढते. 2025 च्या वाढीनंतर टोकियोत ते तासाला 1,226 येन झाले. ओकिनावासारख्या सर्वांत कमी दराच्या प्रांतांत 1,023 येन. टोकियोच्या दराने 28 तासांचे 34,328 येन होतात, म्हणजे चार आठवड्यांचे सुमारे 1 लाख 37 हजार. त्यातून खोलीभाडे, वीज-गॅस, आरोग्य विम्याचा हप्ता आणि जेवण वजा करायचे. भाषाशाळेची वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येनच्या घरात असते आणि तिचा मोठा भाग आगाऊ भरावा लागतो. परीक्षेच्या काळात पाळ्या कमी होतात, आजारपणात बुडतात. त्यामुळे पूर्ण 28 तास वर्षभर मिळतील असे धरून चालणे धोक्याचे.

म्हणूनच जपानी इमिग्रेशन अर्जाच्या वेळी खर्च उचलणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाचे आणि शिलकीचे पुरावे मागते. शेतकरी घराची खरी अडचण इथे येते. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या तुकडीचे कागद आदल्या वर्षाच्या अखेरीस द्यावे लागतात. त्या सुमारास भीमा आणि घोड नद्यांच्या पट्ट्यात उसाचे गाळप नुकते सुरू झालेले असते, पहिली उचल हातात यायची असते आणि चाळीतला कांदाही बहुतेक विकून झालेला असतो. ऐनवेळी हातउसने घेऊन खात्यात भरलेली रक्कम तपासणीत संशयास्पद दिसते. मागच्या हंगामाची ऊसबिले, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि खात्यावरची नियमित उलाढाल यांची जुळणी वर्षभर आधीपासून केली, तर घराची खरी ऐपत कागदावर उतरते.

कोणते काम मिळेल हे मुख्यतः भाषेवर ठरते. जपानी जेमतेम येत असेल तर डबे भरण्याचे कारखाने, पार्सल वर्गवारीची गोदामे आणि हॉटेलातील भांडी-सफाई यांच्या रात्रपाळ्या मिळतात. डब्यांच्या कारखान्यात अंगभर पांढरा पोशाख, टोपी, मास्क घालून, कपड्यांवरचा केस न् केस चिकट रुळाने काढून आत जावे लागते. मग पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक डब्यात एकच पदार्थ तासन् तास ठेवत राहायचे. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत कायद्याने किमान पंचवीस टक्के जादा मजुरी मिळते, पण सकाळच्या वर्गात डोळे मिटतात आणि हजेरी घसरते. हजेरी घसरली की व्हिसा अडतो. बोलता येऊ लागले की चोवीस तास चालणाऱ्या किराणा दुकानांची दारे उघडतात. तिथे गल्ल्यावर बिल करणे, लोकांची वीजबिले आणि पार्सले स्वीकारणे, मुदत संपत आलेले खाद्यपदार्थ मांडणीवरून काढणे आणि प्रत्येक ग्राहकाचे नम्र भाषेत स्वागत करणे अशी कामे असतात. यातले शिक्षण वर्गाइतकेच मोलाचे आहे. भाषेची तयारी निघण्यापूर्वीच करता येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवले जाते, जपानी भाषा प्रावीण्य परीक्षाही पुण्यात देता येते, आणि दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एसटीने पुणे रोजच्या जाण्यायेण्याचे आहे.

काम शोधण्याची सर्वांत विश्वासाची जागा म्हणजे शाळेचे विद्यार्थी कार्यालय. ‘हॅलो वर्क’ ही सरकारी रोजगार कार्यालये विनाशुल्क मदत करतात. टोकियो, ओसाका, नागोया आणि फुकुओका येथे परदेशी लोकांसाठी त्यांची खास केंद्रे आहेत. दुकानांच्या काचांवरही जाहिराती लावलेल्या असतात. अर्जासाठी फोटो लावलेला ठरावीक नमुन्याचा बायोडाटा लागतो. मुलाखतीत पदवीपेक्षा आठवड्यातले कोणते दिवस आणि कोणत्या वेळा मोकळ्या आहेत, शेवटची गाडी किती वाजता आहे, हे विचारतात. पगार बहुधा महिना संपल्यावर पुढच्या महिन्यात बँकेत जमा होतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांचा खर्च घरूनच न्यावा लागतो.

जपानचा कामगार कायदा अर्धवेळ परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे. मजुरी, वेळ आणि कामाचे स्वरूप लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि कामावर इजा झाल्यास अपघात विम्याचे संरक्षण मिळते. मजुरी थकली किंवा किमान दराहून कमी दिली गेली, तर त्या भागातील कामगार मानक तपासणी कार्यालयात तक्रार करता येते. तिथे नेण्यासाठी पगाराच्या पावत्या आणि रोजच्या तासांची स्वतःच्या हाताने केलेली नोंद जपून ठेवावी लागते.