एंडगेमची शिदोरी: अल्बियन ऑनलाइनमध्ये लढायला उतरणाऱ्या नवख्यांसाठी

चेन्नईच्या टी. नगरमधून बोलतो आहे.

सैन्यातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस ऑनलाइन गेमवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण मी गेली काही वर्षं टॅबवर अल्बियन ऑनलाइन खेळतो. आमच्या इमारतीतली दोन-चार मुलं आणि पुणे, नागपूर, इंदूर, बेळगाव इथले काही मराठी तरुण माझ्यासोबत असतात. त्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: "काका, सामान चांगलं जमलं, पण लढायला उतरलो की पाच मिनिटांत मरतो. करायचं काय?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

आधी शब्द समजून घेऊ. चेन्नई हे बुद्धिबळाचं शहर. बुद्धिबळात एंडगेम म्हणजे पटावर मोजकी मोहरी उरल्यानंतरचा शेवटचा टप्पा. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. पात्र तयार झालं, हत्यारं हाती आली, शिकवणीचे टप्पे संपले, की पुढे जो खरा खेळ सुरू होतो त्याला एंडगेम म्हणतात. म्हणजे हे पासिंग आउट परेडनंतरचं आयुष्य. परेड झाली म्हणून कुणी लगेच अनुभवी अधिकारी होत नाही.

अल्बियनची थोडक्यात ओळख करून देतो. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्ह कंपनीने हा खेळ जुलै २०१७ मध्ये आणला. २०१९ पासून तो फुकट खेळता येतो आणि जून २०२१ पासून मोबाइलवरही. मार्च २०२३ मध्ये आशियासाठी सिंगापूरला वेगळा सर्व्हर सुरू झाला. या खेळात योद्धा किंवा जादूगार अशी जात आधी निवडावी लागत नाही. जे अंगावर चढवाल ते तुम्ही. धनुष्य घेतलं की धनुर्धर, काठी बदलली की वैद्य. जवळपास प्रत्येक वस्तू कुणीतरी खेळाडूनेच बनवलेली असते.

आता मुख्य गोष्ट. नकाशाचे रंग आहेत. निळ्या भागात तुम्हाला दुसरा खेळाडू मारू शकत नाही. पिवळ्या भागात पाडू शकतो, पण सामान जात नाही. लाल आणि काळ्या भागात मेलात, की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं जमिनीवर पडतं. त्यातलं काही मोडून नष्ट होतं, उरलेलं मारणारा घेऊन जातो. शहरातल्या बँकेत ठेवलेलं तेवढं सुरक्षित. मोठी कमाई आणि मोठ्या लढाया याच लाल-काळ्या भागांत आहेत.

म्हणून माझा आजचा मुद्दा एकाच वाक्याचा आहे: या खेळात पुढे तोच जातो, ज्याला हरणं परवडतं. बाकी सगळं त्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

पहिली गोष्ट, शिदोरी. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने तीन महिने खाणी खोदून, लाकडं तोडून चांदी साठवली. सगळ्या चांदीचा एक भारी संच घेतला आणि काळ्या भागात गेला. अर्ध्या तासात संच गेला. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी आईकडे तिचं कार्ड मागायला लागला, खेळातलं सोनं विकत घ्यायला. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा तिला वाटत होतं की खेळच वाईट आहे. मी मुलाला समोर बसवलं आणि हिशेब मांडला.

नियम असा. तुमच्याकडे एकूण जेवढी चांदी आहे तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा महाग संच अंगावर घालून लाल-काळ्या भागात जायचं नाही. दहा लाख असतील तर एका संचाची किंमत लाखाच्या आत. आणि निघण्यापूर्वी तसेच निदान पाच संच बँकेत तयार हवेत. एक गेला की दुसरा चढवायचा आणि पुन्हा निघायचं. असं केल्याने हात थरथरत नाही. ज्याच्या अंगावर तीन महिन्यांची कमाई असते तो शत्रू दिसताच घाबरून सगळी बटणं एकदम दाबतो.

आणि स्वस्त संच म्हणजे कमकुवत संच असंही नाही. चौथ्या पायरीच्या साध्या वस्तूची मूळ ताकद ७००. पुढे प्रत्येक पायरीला १०० वाढतात, म्हणजे आठव्या पायरीला ११००. पण मंतरलेल्या वस्तूंचंही गणित आहे. मंतरण्याच्या प्रत्येक पातळीला १०० मिळतात. म्हणून चौथ्या पायरीची तीन पातळ्या मंतरलेली वस्तू आणि सातव्या पायरीची साधी वस्तू, दोन्हींची मूळ ताकद सारखीच १०००. बाजारात दोन्हींचे भाव बघायचे आणि स्वस्त पडेल ती घ्यायची. शिवाय प्रत्येक शहराचा बाजार वेगळा. थेटफर्डमध्ये जे महाग ते मार्टलॉकमध्ये स्वस्त असू शकतं. एकाच हत्याराचा सराव वाढवला की त्या हत्याराची तुमच्या हातातली ताकदही वाढते. तेव्हा पहिले दोन महिने एकच हत्यार धरा. दर आठवड्याला नवं हत्यार घेणारा कशातच तयार होत नाही.

दुसरी गोष्ट, रेकी. नवखे बहुतेक लढाईत मरत नाहीत, वाटेत मरतात. एका भागातून दुसऱ्या भागात जायचं दार असतं आणि टोळ्या तिथे टपून बसतात. टी. नगरला आलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पूर्वी मांबलम स्टेशनातून उतरलं की सगळी गर्दी रंगनाथन स्ट्रीटच्या चिंचोळ्या तोंडातून जायची. दिवाळीच्या आधी खिसेकापूला कुठे उभं राहायचं हे सांगावं लागत नसे. २०२३ मध्ये स्टेशनपासून बस स्थानकापर्यंत स्कायवॉक झाला आणि दुसरी वाट मिळाली. खेळातही तेच करायचं. निघण्याआधी नकाशा उघडा. जाण्याच्या दोन वाटा आणि परतण्याची एक वाट ठरवा. लाल भागात मारायला फिरणाऱ्यांचा आकडा पडद्यावर दिसतो, त्यावर डोळा ठेवा. काळ्या भागात ती सोय नाही. तिथे घोड्यावरून उतरण्यापूर्वी थांबून आजूबाजूला बघायची सवयच लावून घ्यावी लागते.

आणि पिशवी भरली की परता. "अजून एकच खाण" म्हणणाऱ्याची पिशवी दुसऱ्याच्या बँकेत जाते.

तिसरी गोष्ट, शत्रू वाचायला शिका. तुमच्याकडे साधारण सहा चाली असतात. तीन हत्याराच्या, एक चिलखताची, एक शिरस्त्राणाची, एक पादत्राणांची. हत्याराची सगळ्यात मोठी चाल, जिला सगळे ई म्हणतात, ती त्या हत्याराला बांधलेली असते, बदलता येत नाही. म्हणजे शत्रूच्या हातातलं हत्यार ओळखलं की त्याची मोठी चाल तुम्हाला आधीच माहीत आहे. ती पाठ करा. एक चाल वापरली की ती परत भरायला काही सेकंद लागतात. नवखा स्वतःच्या बटणांकडे बघतो, मुरलेला शत्रूच्या सेकंदांकडे बघतो. त्याचा बचाव संपला, की तुमचा मोठा वार. त्याचा बचाव शिल्लक असताना मारलेला वार वाया जातो.

हे शिकायला सामान गमवायची गरज नाही. अरीनात पाच विरुद्ध पाच लढाई होते, तिथे मेलात तरी काही जात नाही. करप्टेड डन्जनमध्ये एकास एक लढत असते आणि तिच्या सगळ्यात खालच्या पातळीवर, हंटरमध्ये, हरलात तरी सामान राहतं. आधी अरीनात पन्नास लढती, मग हंटरमध्ये पन्नास, आणि मगच पुढे. ही संख्या माझी आहे, खेळाची नाही. पण यापेक्षा कमी करू नका.

चौथी गोष्ट, माघार. आपल्याकडे माघारीला उगाच कमीपणा चिकटला आहे. चेन्नईहून दीडशेएक किलोमीटरवर जिंजीचा किल्ला आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळं म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. मुघलांनी त्याला १६९० पासून सात-आठ वर्षं वेढा दिला. या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी वेढा घालणाऱ्यांनाच जेरीला आणलं, त्यांची रसद तोडली. १६९८ मध्ये किल्ला अखेर पडला, पण छत्रपती राजाराम महाराज त्याआधीच निसटून गेले होते. मुघलांच्या हाती दगड लागले. राज्य ज्याच्यावर उभं होतं तो हाती लागला नाही, आणि लढाई पुढे चालू राहिली.

खेळात याचा अर्थ सरळ आहे. पळून जायची एक चाल कायम शिल्लक ठेवा. ती हल्ल्यात वापरलीत तर परतीचं दार तुम्हीच बंद केलंत. आणि लढाईत उतरण्याआधीच ठरवा की कुठल्या क्षणी निघायचं: तब्येत अर्ध्यावर आली की, किंवा समोर दुसरा माणूस दिसला की. हे ऐन लढाईत ठरत नाही.

पाचवी गोष्ट, गट. मोठ्या लढाईत एका बाजूला शंभर माणसं असू शकतात. तिथे एकच जण हुकूम देतो, त्याला कॉलर म्हणतात. नवख्याचं काम तीनच गोष्टींचं. सांगितलेला संच घाला, कॉलरच्या मागे राहा, माइक बंद ठेवा. सैन्यात वायरलेसवर एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. इथेही तेच. बरेच गिल्ड ठरलेला संच घालून मेलेल्याला नवा संच देतात. मनाचा संच घातला तर देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नवख्याने गिल्ड निवडताना किती जिंकतात हे विचारू नये; हरल्यावर एकमेकांशी कसं बोलतात ते ऐकावं. आठ दिवसांत कळतं.

सहावी गोष्ट, डीब्रीफिंग. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. अल्बियनच्या संकेतस्थळावर प्रत्येक मृत्यूची नोंद असते. कोणी कोणाला मारलं, अंगावर काय होतं, सोबत किती जण होते, सगळं दिसतं. मेलात की लगेच पुन्हा धावू नका. ती नोंद उघडा आणि वहीत चार ओळी लिहा. शत्रूकडे काय होतं? मी त्याला पहिल्यांदा कधी पाहिलं? माझी कुठली चाल शिल्लक होती? मी कधी निघायला हवं होतं? वीस मृत्यू लिहून झाले की वही परत वाचा. पंधरा तरी एकाच कारणाने झालेले दिसतील. ते एक कारण काढा, बाकीच्यांकडे नंतर बघू. त्या मुलाच्या वहीत अकरा वेळा एकच वाक्य होतं: "त्याचा पाठलाग केला." सूड म्हणून मारेकऱ्याच्या मागे जायचा आणि त्याच्या साथीदारांत सापडायचा. पाठलाग बंद केला. आता तो आमच्या पाच जणांच्या गटाचा पुढारी आहे आणि मी त्याच्या मागे चालतो.

इंटरनेटबद्दल दोन शब्द. चेन्नईहून सिंगापूरला समुद्राखालून थेट केबल जाते. आयटूआय नावाची केबल २००२ पासून आहे, लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३२ मिलिसेकंद. इथे बसलेल्याला पिंग याच्या खाली जाणार नाही. नागपूर-इंदूरला आणखी वाढेल. तेवढ्याने कुणी हरत नाही. हरवतो तो वरखाली होणारा पिंग. शक्य असेल तर घरचं वायफाय वापरा, राउटरच्या जवळ बसा, आणि चालत्या लोकलमधून काळ्या भागात जाऊ नका.

शेवटी पैसा आणि झोप. खेळातली चांदी रुपयांत विकणारे आणि विकत घेणारे भेटतील. खेळाच्या नियमांत त्याला बंदी आहे, खातं जातं आणि पैसेही बुडतात. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच वर्षी तमिळनाडूने पैशांच्या खेळांसाठी रात्री बारा ते पहाटे पाच बंदचा नियम आणला होता आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अल्बियनला तो लागू नाही. तरी आमच्या गटाने तो आपणहून घेतला आहे. बाराला सगळे शहरात, सामान बँकेत, दिवा बंद. झोप न झालेल्या संत्रीवर कुणी चौकी सोपवत नाही.

तर उद्यापासून एवढं करा. एक हत्यार ठरवा. त्याचे पाच स्वस्त संच बँकेत लावा. एक कोरी वही घ्या. आठवडाभर रोज तासभर अरीना, प्रत्येक पराभवाच्या चार ओळी. पुढच्या रविवारी वही वाचा आणि मगच लाल भागाचं दार उघडा. पहिला संच जाईल. जाऊ द्या. त्याचसाठी तो घेतला होता.

जय हिंद.