छंद नव्हे, काम!

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी चळवळीतली कार्यकर्ती नाही. मी गाण्याची बाई. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या मिरजेत माझं बालपण गेलं. संगीत विशारद झाले आणि सहा वर्षं एका शाळेत गाणं शिकवलं. पगार फार नव्हता, पण दर महिन्याला माझ्या खात्यात जमा व्हायचा. २००६ साली लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेत, न्यू जर्सीत गेले. तेरा वर्षं तिथे राहिले, गाणं शिकवलं. परत आल्यावर सगळे विचारतात, ‘मग काय, डॉलरमध्ये फी घेत असशील!’ म्हणून आधी पैशांचंच सांगते. पहिली नऊ वर्षं मी एक डॉलरही घेतला नाही. घेता येत नव्हता.

नवऱ्याचा व्हिसा एच-१बी होता, कुशल नोकरदाराचा. माझा एच-४, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं. तेव्हा कमावता येत नव्हतं. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. नवऱ्याची नोकरी गेली की आपलंही राहणं धोक्यात. घटस्फोट झाला तर आपला व्हिसा संपला. आमच्या लग्नात दोन्ही घरच्यांनी पत्रिका जुळवल्या, पण व्हिसाचा कागद कुणीच वाचला नाही. मी स्वतःही नाही.

तिथल्या गणेशोत्सवात मी गायले आणि पुढच्याच आठवड्यात दोन आया मुलींना घेऊन घरी आल्या. वर्षभरात चौदा मुली झाल्या. एका वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘फी घेऊ नका. फीच्या बदल्यात वस्तू घेतलीत तरी तो मोबदलाच.’ मग मी फुकट शिकवू लागले.

काम मात्र फुकटातलं नव्हतं. मुलींना मराठी समजायचं, वाचता यायचं नाही. भूप शिकवायचा तर सा रे ग प ध रोमन अक्षरांत लिहून द्यायचे. त्या शाळेत पियानोवर शिकलेल्या. ‘सा’ ठरलेल्या पट्टीवर का नसतो, प्रत्येकीचा ‘सा’ वेगळा कसा, हे समजावण्यातच महिने गेले. हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी व्हायची की माझ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला चीर गेली. दुरुस्त करणारे सगळे मिरजेत! शेवटी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसायच्या, त्यासाठी मी रात्र रात्र टिपणं काढायचे.

पण जे फुकट असतं ते पहिलं रद्द होतं. पोहण्याच्या वर्गाचे पैसे भरलेले असायचे, तो कुणी चुकवत नसे. गाण्याच्या दिवशी वाढदिवस आला की गाणं बुडायचं, आणि फोनही यायचा नाही. वर आया कौतुकाने म्हणायच्या, ‘तुमचं किती छान, घरबसल्या छंद जोपासला जातो!’ हळूहळू मीही तसंच बोलू लागले. कुणी ‘काय करता?’ विचारलं की म्हणायचे, ‘काही नाही, घरीच असते.’ चौदा मुलींना शिकवणारी बाई स्वतःच म्हणत होती, काही नाही!

आता एका बाईबद्दल सांगते. ती मोठ्यांच्या वर्गात यायची, कडेवर बाळ घेऊन. व्हिसा माझ्यासारखाच. आवाज खर्जात सुंदर लागायचा. २०११ सालच्या हिवाळ्यात ती वर्ग संपल्यावर थांबली. नवरा हात उचलत होता, पासपोर्ट त्याच्या कपाटात होता, तिच्याकडे स्वतःचे पैसे नव्हते. गाण्याचा तो एक तास तिला घराबाहेर पडता यायचं, कारण वर्ग फुकट होता. मी तिला काय सांगितलं? ‘थोडं सांभाळून घे, बाळ लहान आहे.’ आजही ते आठवलं की मान खाली जाते. मला माझीच भीती बोलत होती. ती बाहेर पडली तर कशावर जगेल, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. कारण मी स्वतःही कशावर जगले असते ते मला ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांनी ती पुन्हा बोलली. तोवर मी चौकशी केली होती. न्यू जर्सीतच १९८५ पासून ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी संघटना आहे. तिचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून तिच्या गाण्याच्या वहीत ठेवला. ती सुटली. आज भारतात आहे, मुलासह. हिंसा सोसणाऱ्या अशा बायकांना स्वतंत्र कामाचा परवाना मिळावा, ही तरतूद तिथल्या कायद्यात २००६ च्या जानेवारीत आली होती. पण त्यासाठीचा अर्ज प्रत्यक्षात निघायला २०१७ उजाडलं. अकरा वर्षं! तिला त्याचा उपयोग झाला नाही.

२०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल, तर एच-४ बायकोला कामाचा परवाना मागता येऊ लागला. मला तो मिळाला. पहिल्या महिन्यात मी फीचा कागद छापून वाटला. पाच मुली सोडून गेल्या. उरलेल्यांनी त्यानंतर एकही वर्ग न कळवता बुडवला नाही. गाणं तेच, बाई तीच. २०१७ साली सरकारने तो नियम काढायचा इरादा जाहीर केला आणि २०२१ च्या जानेवारीपर्यंत ती टांगती तलवार होती. म्हणजे हा हक्कही नवऱ्याच्या अर्जाला बांधलेला, आणि कधीही काढून घेता येईल असा.

हे अमेरिकेचंच दुखणं आहे असं समजू नका. आपल्याकडे पैसे घेऊन गाणाऱ्या बाईला नावं ठेवली गेली. मोगूबाई कुर्डीकरांनी नवऱ्यामागे तीन मुलं गाण्यावर वाढवली. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्यांनी ‘गाणं हे काम आहे’ हे स्वतःच्या आयुष्यात सिद्ध केलं. पुढे आम्ही ‘चांगल्या घरच्या’ मुली गाऊ लागलो तेव्हा पैशांचं नाव घेणं मात्र कमीपणाचं ठरलं.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या. परदेशी जाणाऱ्या मुलींच्या लग्नाआधी त्यांच्याशी बोलता तेव्हा व्हिसा कोणता, त्यावर काम करता येतं का, पासपोर्ट कुणाजवळ राहणार, हे विचारा. आणि दुसरी मागणी आपल्या स्वतःकडे. आज शिबिराच्या सुरुवातीला ज्या दोघींनी चळवळीची गाणी म्हटली, त्या पहाटे निघून एसटीने आल्या आहेत. पेटी त्यांचीच. त्यांच्या मानधनाचं काय ठरलंय, ते चहाच्या सुट्टीआधी मला कळलं तर बरं वाटेल.