कामगाराची सायकल



‘लोक कामावर जाण्यासाठी सायकल का पसंत करतात?’ असा विषय चालकांनी मला दिला आहे. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. मात्र विषयातल्या ‘पसंत’ या शब्दापाशी मी जरा अडलो आहे, आणि तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली ती 1 जानेवारी 1877 रोजी. त्या काळी गिरणीकामगार पायीच कामावर जाई. म्हणजे भोंगा ऐकू येईल एवढ्या टापूतच त्याने बिऱ्हाड करायचे, आणि त्या टापूतला घरमालक मागेल ते भाडे द्यायचे. पुढे 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल विकायला काढली आणि 1888 साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हे वाहन कामगाराच्या हाती यायला बराच काळ लागला. पण आले तेव्हा त्याने काय केले, याचा हिशेब पाहा. पायी माणूस अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो, सायकलीवर साडेसात. अंतर तिप्पट झाले. पण घर शोधण्याचे क्षेत्र तिप्पट नव्हे, नऊपट झाले! पगारात एक पैची वाढ न होता कामगाराला एवढी मोकळीक दुसऱ्या कशाने मिळाली असेल, मला तरी ठाऊक नाही.

दुसरे कारण वेळेचे. पहिली पाळी भल्या पहाटे घराबाहेर काढते, दुसरी पाळी मध्यरात्री घरी सोडते. त्या वेळी बस मिळेलच याचा भरवसा नाही, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. सायकल कोणाची वाट पाहत नाही. तिला पेट्रोल नको, परवाना नको. पगार लांबला म्हणून ती दारात अडून बसत नाही.

तिसरे कारण मला माझ्याच चुकीने कळले. तरुणपणी मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने जात असे. पाळी सुटली की आम्ही जोडीजोडीने परतायचो. फाटकावर साहेबांची नजर असे, तिथे कोणी तोंड उघडत नसे. पण रस्त्याला लागलो की कर्ज, आजारपण, ठेकेदाराने कापलेली मजुरी, सारे बोलणे निघे. आमच्या युनियनची खरी बैठक त्या रस्त्यावर होई. पुढे मी पदाधिकारी झालो आणि मोटारसायकल घेतली. सहा महिन्यांनी एक जुना सोबती म्हणाला, “भाऊ, तुमी आता लवकर पोचता, आमी मांगंच राह्यलो.” तो गाडीविषयी बोलत होता की माझ्याविषयी, हे मी विचारले नाही. सायकल मात्र पुन्हा बाहेर काढली. लोक समजतात, डॉक्टरने सांगितले असेल!

आता ‘पसंत’ या शब्दाकडे वळतो. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामकऱ्यांपैकी शंभरांत सुमारे तेरा जण सायकलने कामावर जाणारे निघाले. त्यांतल्या किती जणांपुढे दुसरा मार्ग होता? एम्प्रेस मिल 2002 साली बंद पडली. रोजगार शहराच्या पोटातून उठून हिंगण्याला आणि बुटीबोरीला गेला. बुटीबोरी पंचवीस-तीस किलोमीटर दूर. वैशाखात डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून तेवढे अंतर कापणाऱ्याला ‘पर्यावरणाची आवड आहे’ असे म्हणणे ही थट्टा होय.

आणि त्या रस्त्यावर त्याचा जीव किती स्वस्त आहे! 2010 पूर्वीची गोष्ट. आमचा एक सोबती दुसऱ्या पाळीहून परतत असता ट्रकखाली सापडला, पाय गेला. मालक म्हणाले, “फाटकाबाहेर आमची जबाबदारी नाही.” आम्ही वर्गणी काढली. त्याच्या पत्नीने पैशांआधी ती वाकडी झालेली सायकल मागितली; दुरुस्त करून मुलाला शाळेला होईल, म्हणाली. पुढे 2010 साली 1948 च्या राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली. घर आणि कामाची जागा यांच्या वाटेवर झालेला अपघात, वेळ, जागा व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच मानावा, असे ठरले. चांगले झाले. पण ठेकेदाराच्या ज्या माणसाचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने कोणत्या कायद्याचे दार ठोठवावे?

एकदा आम्ही मागणीपत्रात सायकलींच्या जागेवर छप्पर मागितले. साहेबांच्या मोटारी सावलीत, आमच्या सायकली उन्हात. दुपारी टायर फुटत. व्यवस्थापक हसले. तीन वर्षांनी पत्रे बसले. त्या पत्र्यांखाली पहिल्या दिवशी सायकल लावताना जो आनंद झाला, तो बोनसच्या वेळीही झाला नव्हता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्याला रस्ता सुरक्षित आहे, कामाच्या जागी सावली आहे, आणि मनात आले तर बसने जाण्याइतके पैसे ज्याच्या खिशात आहेत, तोच सायकल ‘पसंत’ करतो. बाकीचे ती नुसती चालवतात. त्या बाकीच्यांना पसंतीचा अधिकार मिळवून द्यायचा असेल, तर सायकलीचे गुणगान पुरे; उद्या सकाळी आपल्या मोटारीपुढे एखादा डबेवाला कामगार सायकलीवर दिसला, तर भोंगा न वाजवता त्याला वाट द्यावी. सुरुवात तेवढ्यानेही होईल.