बापाचं काम कुणी करायचं?

(ग्रामीण भागातल्या शिक्षिका आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मला ‘शाळा आणि संस्कार’ असा विषय दिला होता. संस्कार या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते, कारण ते बहुतेक वेळा मुलींवरच करायचे असतात. म्हणून मी विषय थोडा वळवून घेतला आहे. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी २९ वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवली. त्या नाटकांबद्दल बोलते.

आधी तुम्ही तुमच्या शाळेतलं गॅदरिंग आठवा. कामं कशी वाटली जायची? राजा, शेतकरी, सरपंच, पोलीस ही कामं मुलांना. मुलींना आई, सून, नाहीतर समूहनृत्य. त्यातही गोऱ्या मुलीला राणी आणि काळ्या मुलीला दासी. सावित्रीबाईंचं नाटक करतानासुद्धा मी स्वतः, सांगायला लाज वाटते, नीटनेटकी, चांगल्या घरची मुलगी शोधून सावित्रीबाई केली आणि शेण मारणारे म्हणून मागच्या बाकावरची मुलं उभी केली. बाईंच्या कपाळावरचं कुंकू बरोबर लागलं की नाही याकडे माझं लक्ष. त्या ज्यांच्यासाठी शाळेत निघाल्या होत्या, त्या मुली नाटकात कुठे होत्या? पडद्यामागे, चादर धरून.

आणखी एक हमखास प्रकार म्हणजे मुलाला साडी नेसवणे. पुढे काहीतरी कोंबायचं, लचकत चालायला लावायचं. सगळं गाव हसतं. आपणही हसतो. एकदा तरी थांबून विचारावं की आपण नेमकं कशाला हसलो? बालगंधर्व स्त्रीभूमिका करत तेव्हा घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकत होत्या. बाईनं कसं दिसावं हे पुरुषानं ठरवून दाखवलं. आता गॅदरिंगमध्ये बाई म्हणजे विनोद. दोन्हीकडे खऱ्या बाईला रंगमंचावर जागा नाहीच.

नाटकातून मोठं काही सांगता येतं हे आपल्याला नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात भटजीकडून नाडलं गेलेलं एक शेतकरी जोडपं शेवटी शिकायला निघतं. नवरा एकटा नाही, दोघंही. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. पुढे १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ गावोगाव नेलं. त्यात बायकांनीच सासू झाल्या, बायकांनीच नवरा केला. ते पाहून आलेल्या आम्हा कितीतरी जणींना वाटलं, आपणही करावं. मलाही तसंच वाटलं होतं.

२००७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. फेब्रुवारीतल्या गॅदरिंगसाठी मी बालविवाहावर नाटुकलं लिहिलं. त्यातला बाप मोठ्या मिशांचा, दारू पिणारा, ओरडणारा. मुलगी रडते, बाई येऊन कायदा सांगतात, बाप पाया पडतो, पडदा. बापाचं काम ज्या मुलाला दिलं होतं तो आईबापाबरोबर ऊसतोडीला निघून गेला. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मी शाळा रिकामी होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा सातवीतली एक मुलगी, आपण तिला मंदा म्हणू, उभी राहिली. “बाई, मी करते बापाचं काम.”

मुख्याध्यापकांना पटेना. “मुलीला मिशा लावणार? बरं दिसेल का ते?” त्याच गॅदरिंगमध्ये दोन मुलं साडी नेसून नाचणार होती. ते बरं दिसत होतं. मी हट्ट धरला, मंदाला काम मिळालं.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी ती मध्येच थांबली. म्हणाली, “बाई, आमचे आबा असं वरडत नाहीत.”

“मग कसे बोलतात?”

ती खाली बसली. गुडघे जवळ घेतले, मान खाली घातली आणि बोटांवर हिशेब करायला लागली. मुकादमाकडून उचल घेतली तिचा आकडा. आजीला दिसत नाही, तिच्या भरवशावर पोरीला मागं कसं ठेवायचं? बरोबर न्यावं तर फडावर कोपीला दार नाही. पहाटे अंधारात आपण तोडीला गेलो की पोर एकटी. उद्या काही झालं तर? लग्न करून दिलं तर जोडीनं एक कोयता होईल, दोघं आपलं आपलं कमावतील. हे सगळं हळू आवाजात. कुणाकडे न बघता. शेवटी मान वर करून विचारलं, “मग सांगा, हिला ठेवू कुठं?”

तालमीत कुणी हललं नाही. मी लिहिलेली वही मिटली. पुढचे पंधरा दिवस मुलींनीच नाटक रचलं. मी फक्त कोण कुठून येणार तेवढं बघितलं.

गॅदरिंगला गाव गप्प बसून होतं. पण गाव म्हणजे कोण? म्हातारी माणसं, सरपंच आणि तालुक्याहून आलेले पाहुणे. ज्या आईबापांनी ते नाटक बघायला हवं होतं ते सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात ऊस तोडत होते. पुढे तालुक्यात पहिला नंबर आला. पाहुण्यांनी मंदाच्या ‘सहज अभिनया’चं कौतुक केलं. प्रमाणपत्राला काच बसवून ते ऑफिसात लावलं. मी खूश होते.

मे २०१० मध्ये मंदाचं लग्न झालं. नववीची परीक्षा दिली होती. मला कळलं जूनमध्ये, तिच्या मैत्रिणीकडून. मी तिच्या घरी गेले. कायदा माझ्या तोंडपाठ होता. १९२९चा शारदा कायदा, १९७८ची दुरुस्ती, २००६चा नवा कायदा, मुलीचं वय १८. तिचे आबा ओरडले नाहीत. मला पाणी दिलं, मान खाली घालून बसले आणि म्हणाले, “मग सांगा बाई, हिला ठेवायची कुठं?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी आधी ऐकलेला होता. टाळ्या वाजवून ऐकला होता. उत्तर शोधायला माझ्याकडे दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत मी त्या प्रश्नाला काच बसवून भिंतीवर लावलं.

मुलं नाटकात बोलतात तेव्हा आपल्याला वाटतं, ती आपला संदेश गावाला देताहेत. पुष्कळदा ती आपल्यालाच काही सांगत असतात. आपण उच्चार आणि अभिनय तपासत बसतो. आणि पोरीला रंगमंचावर ‘मी लग्न करणार नाही’ म्हणायला लावून दुसऱ्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवणं, हे मला आता फार बेजबाबदार वाटतं.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. त्या सांगते.

पहिली म्हणजे वेळ. नाटक दसऱ्याच्या आत, माणसं गावात असताना करायला लागलो. गॅदरिंगची तारीख कुणाच्या सोयीची, हे आधी बघा. तालीम शाळेच्या वेळातच घ्यायची. शाळा सुटल्यावर मुलींना पाणी भरायचं असतं, भावंडं सांभाळायची असतात. मग ‘मुली कामाला तयार होत नाहीत’ असं आपणच म्हणतो.

दुसरी, कामं. चिठ्ठ्या टाकून कामं द्यायची आणि तालमीत अदलाबदल करायची. सासूचं काम मुलानं केलं तर हसण्यासाठी नाही, तिचं म्हणणं समजण्यासाठी. मुलीनं मुकादम करावा, बाप करावा. समोरच्याच्या जागी बसल्याशिवाय त्याला विचारायचा प्रश्न सुचत नाही.

तिसरी, नाटकानंतरची. शेवटी पाहुण्यांचं भाषण बंद केलं. त्याऐवजी नाटकातला प्रश्न गावापुढे ठेवायचा. ‘पोरीला ठेवायची कुठं?’ असं विचारलं की बायका बोलतात. कुणाची आजी चार पोरी सांभाळेल, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे, हे तिथंच ठरतं. ग्रामसेवकालाही बसवून घ्यायचं. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्याच्यावर आहे आणि १०९८ हा नंबर मुलींना पाठ हवा, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. सगळी लग्नं थांबली असं मी म्हणणार नाही. काही मुली दहावीपर्यंत राहिल्या, दोघी-तिघी पुढे गेल्या. काही गेल्याच.

मागच्या वर्षी मंदा भेटली. तिची मुलगी पाचवीत आहे. म्हणाली, “बाई, हिला नाटकात झाडाचं काम दिलंय. नुसतं उभं राहायचं.” मग हसून म्हणाली, “मी जाऊन आले शाळेत. म्हटलं, झाड असलं तरी बोलायला द्या काहीतरी.”

तुम्ही इथून गेल्यावर एवढंच करा. तुमच्या शाळेतल्या गेल्या तीन गॅदरिंगच्या नाटकांत कोणाला कोणतं काम मिळालं याची यादी काढा आणि ती पालकसभेत मोठ्यानं वाचा. पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.