यकृतातली गाठ आणि कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे पाऊण रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेने येते आणि उरलेले पाव धमनीने. यकृतातच उद्भवणारा कर्करोग मात्र आपले रक्त बहुतांशी धमनीतून ओढतो. कॉन्ट्रास्ट सीटीने गाठ ओळखण्याची विद्या या एका फरकावर उभी आहे.

साधा सीटी स्कॅन इथे तोकडा पडतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. घनतेचे मापही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात पाणी शून्यावर, हवा उणे हजारावर आणि निरोगी यकृत साधारण ५५ ते ६५ वर. अनेक गाठींची घनता याच्या इतकी जवळ असते की करड्या यकृतात करडी गाठ दिसतच नाही. म्हणून आयोडीनयुक्त औषध, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, हाताच्या शिरेतून देतात. आयोडीन क्ष-किरण अडवते, त्यामुळे जिथे रक्त जास्त तिथे चित्र उजळते. प्रौढ माणसाला वजनानुसार सुमारे शंभर मिलिलिटर औषध लागते. प्रेशर इंजेक्टरने ते सेकंदाला ३ ते ५ मिलिलिटर या वेगाने जाते. अंगात गरम लाट आल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते. यात घाबरण्यासारखे काही नसते.

पुढचे सगळे वेळेवर अवलंबून आहे. ३५ ते ४० सेकंदांच्या सुमारास औषध धमनीत भरलेले असते, पण पोर्टल शिरेतून यकृतात पुरेसे पोहोचलेले नसते. ७० सेकंदांच्या आसपास पोर्टल शिरेचे रक्त येऊन सारे यकृत उजळते. तिसरे चित्र ३ ते ५ मिनिटांनी घेतात. गाठीचा स्वभाव कळतो तो या तिन्ही वेळी ती कशी वागली यावरून.

सिरॉसिस झालेल्या किंवा जुनाट हिपॅटायटिस-बी असलेल्या यकृतात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ धमनीच्या चित्रात झळकली आणि नंतरच्या चित्रांत आसपासच्या यकृतापेक्षा काळवंडली, तर तो यकृताचा कर्करोग असण्याची शक्यता इतकी दाट असते की पुष्कळदा सुईने तुकडा काढून तपासायची गरजही उरत नाही. निरोगी यकृतात मात्र हा नियम लावता येत नाही. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि सावकाश आतवर भरत जाते. साधी पाण्याची गाठ तिन्ही चित्रांत जशीच्या तशी काळी राहते. मोठ्या आतड्यातून पसरलेला कर्करोग पोर्टल चित्रात उजळ यकृतावरच्या काळ्या डागांसारखा उठून दिसतो.

गाठींबरोबर यकृताच्या गळवाचाही उल्लेख टाळता येत नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींना या आजाराची मोठी धास्ती असे. आमांशाचा अमीबा आतड्यातून पोर्टल शिरेनेच यकृतात शिरतो आणि बहुधा उजव्या बाजूला पू साठतो. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी या अमीबावर एमेटीन हे औषध वापरात आणले, तोवर बरगड्यांमधून अंदाजाने सुई घालून पू शोधण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. सीटीवर गळवाचा मधला भाग काळा राहतो, भिंत उजळते आणि तिच्याबाहेर सुजेचे काळसर कडे दिसते. मधोमध सडलेली कर्करोगाची गाठही कधी अशीच दिसते. तेव्हा ताप आणि रक्ताच्या तपासण्या पाहूनच निवाडा करावा लागतो. तरीही प्रत्येक गळवाला सीटी हवाच असे नाही. बहुतेक वेळा सोनोग्राफी पुरते.

कुत्रा आणि मेंढी यांच्यामार्फत येणाऱ्या जंतामुळे होणारी हायडॅटिड गाठ वेगळी. मोठ्या गाठीच्या पोटात लहान गाठी किंवा भिंतीवर चुना दिसला की ती ओळखू येते. ती ओळखल्याशिवाय सुई घालू नये. आतला द्रव पोटात सांडला तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

या तपासणीला मर्यादाही आहेत. एक सेंटिमीटरहून लहान गाठीबद्दल सीटी सहसा ठाम बोलत नाही. तिथे एमआरआय सरस ठरतो. मूत्रपिंडे फार कमजोर असतील किंवा पूर्वी या औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर आधी विचार करावा लागतो. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर किरणांची मात्रा वाढते, त्यामुळे तिन्ही चित्रे उठसूट काढणेही बरोबर नाही.

पण गाठीचा प्रश्न असताना एकाच वेळेचे चित्र काढणे हा पैशाचा आणि किरणांचा अपव्यय आहे. चिठ्ठीवर नुसते ‘कॉन्ट्रास्ट सीटी’ लिहिले, तर पुष्कळदा फक्त पोर्टल चित्र निघते आणि धमनीतली झळाळी हुकते. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर गाठीची शंका आणि ‘ट्रिपल फेज’, म्हणजे तिन्ही वेळांची चित्रे, असे स्पष्ट लिहावे. रुग्णाने मूत्रपिंडांसाठीच्या क्रिॲटिनिन तपासणीचा रिपोर्ट, जुनी सोनोग्राफी आणि आधीच्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी, आणि ॲलर्जी, दमा, मधुमेहाच्या गोळ्या किंवा गर्भधारणेची शक्यता यांविषयी टेबलावर झोपण्याआधीच सांगावे.